पहिला इनास

सनीव्हेल
९ मार्च २०२५

प्रिय प्रतिमाबाय हिस,
इनासचा सप्रेम नमस्कार.

पत्रात आधी खुशाली लिहावी, मग कामाचं, असं गावच्या शाळेत परब मास्तरांनी शिकवलं होतं. आज तो क्रम मोडतो. तू आपल्या पणजोबांना तीन बायका करून दिल्या आहेस.

उपासकाळाचा पहिला रविवार. फादरनी सांगितलं होतं की चाळीस दिवस राग गिळा. चर्चमधल्या मिस्साहून घरी आलो, चहा घेतला आणि तू पाठवलेला वंशवृक्ष उघडला. पणजोबा बस्त्याव फर्नांडिस, आणि त्यांच्या शेजारी ओळीने तीन चौकटी: आना रोझा, आना द कोन्सैसांव, आना मारिया फर्नांडिस. पहिल्या दोघींच्या मरणाच्या तारखेपुढे प्रश्नचिन्हं. एकीला मूल नाही. एकीला एकच मुलगा, इनास. तिसरीला पुन्हा इनास, म्हणजे आपला आजा, आणि दोन मुली.

बाय, त्या तिघी एकच आहेत. ती आपली पणजी. गोव्यातल्या बार्देशातून दोन नद्या ओलांडून सावंतवाडीकडच्या आपल्या गावात लग्न होऊन आली आणि इथल्याच मातीत गेली. बाबा सांगत की तिच्या मागे पणजोबांनी कुणी दुसरं लग्न सुचवलं तर त्याला पडवीतून उठवलं होतं. त्या माणसाला तू तीनदा बोहल्यावर चढवलंस!

हे सगळं संगणकातच राहणार असतं तर मी गप्प बसलो असतो. पण याच वंशवृक्षावरून घरासमोरच्या खुरसाखाली, त्या दगडी क्रुसाखाली, संगमरवरी पाटी बसणार असं तू लिहितेस. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, फादर मिस्सात त्या पाटीवरचीच नावं वाचणार. गाव गुडघे टेकून ऐकणार. देव माणसाला नावाने हाक मारतो असं आपण मानतो ना? मग ज्या दोन बायका कधी जन्मल्याच नाहीत, त्यांच्यासाठी प्रार्थना कोण ऐकणार?

पाटी थांबव. आधी हे नीट कर.

फोन केला असता. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

मीना आणि मुलं बरी आहेत. संजीवभावोजींना नमस्कार.

तुझा,
इनास


ईडन प्रेरी
१८ मार्च २०२५

इनास बाबू,

तुझं पत्र आमच्या मेलबॉक्समध्ये बर्फात अर्धं भिजून पडलं होतं. हाताने लिहिलेला पत्ता बघून संजीवने विचारलं, "कोण वारलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. माझ्या मामाच्या मुलाला राग आलाय."

मी टाइप करून प्रिंट पाठवते आहे. माझं अक्षर तुला लागणार नाही.

आता ऐक. मी इन्शुरन्स कंपनीत आयुष्यभर डेटा सांभाळला. तिथे पहिला धडा हाच की तीन नावं दिसली तर तीन माणसं धरायची. एक धरलीस तर एकाचा क्लेम दुसऱ्याच्या खात्यात जातो, आणि मग वकील दारात. आणि आपल्याकडे बाईचं नाव बदलतं कधी? लग्नात. एकदा. मी लग्न केलं, आडनाव बदललं, संपलं. तुझी मीना तीच, माझी आई तीच. आता एक बाई बाप्तिस्म्याला रोझा, लग्नाला कोन्सैसांव आणि बाळंतपणात फर्नांडिस? दर दहा वर्षांनी नाव बदलायला ती काय सिनेमात होती?

त्या काळी बायका बाळंतपणात जायच्या आणि पुरुष वर्षाच्या आत दुसरी आणायचे. पणजोबांनी पडवीतून कुणाला उठवलं, ही तुझ्या बाबांची गोष्ट. मामांच्या गोष्टी मला माहीत आहेत. त्यांच्या हिशेबाने आपल्या विहिरीत मगर होती.

तुझा राग मला समजतो, पण राग म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा आण, मी बदलते. जुलैत इथे पार्कात सगळे जमणार आहेत, तेव्हा पुस्तिका वाटायची आहे. आणि पाटीवाल्याला मसुदा वेळेत द्यायला हवा, नाहीतर नोव्हेंबर हुकेल. उशीर तुझ्यामुळे झाला तर तसं छापीन.

उपासकाळात भांडतोस, लाज नाही वाटत?

तुझी,
प्रतिमाबाय


सनीव्हेल
३० मार्च २०२५

प्रिय प्रतिमाबाय,

लाज वाटते. तरी भांडतो.

पुरावा आणला आहे. आमच्या चर्चमध्ये लुर्द माशादो म्हणून एक बाई आहेत, निवृत्त दंतवैद्य. त्यांचे आजोबा अझोर्स बेटांवरून इथे गाई राखायला आले, तेव्हा या भागात जर्दाळूच्या बागा होत्या. गोठ्याच्या मालकाला माशादो म्हणता येईना, म्हणून आजोबा मार्शल झाले. बाप मार्शल म्हणून जगला, मार्शल म्हणूनच गेला. या बाईंनी साठीत आल्यावर पुन्हा माशादो लावलं. म्हणाल्या, "बापाला विचारायचं राहिलं, त्याला कसं वाटायचं ते."

त्यांना मी तुझ्या तीन चौकटी दाखवल्या. त्या हसतच सुटल्या. "तीनच? माझ्या एका पणजीची पाच आहेत."

त्यांनी सांगितलं ते असं. पोर्तुगीज वळणाच्या नोंदींत बाईला पक्कं आडनाव नसायचंच. बाप्तिस्म्याला एकच नाव मिळे, फार तर धर्ममातेचं जोडीला. आपल्या पणजीच्या धर्ममातेचं नाव रोझा आहे, तू जोडलेल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बघ. पुढे मोठी झाली की मुलगी एखादं भक्तीचं नाव घेई. द कोन्सैसांव हे कुठल्या घराण्याचं नाव नाही. निष्कलंक मातेचं, येशूच्या आईचं नाव आहे ते. पणजीने त्या आईचा हात धरला, आणि तू तिला तिचीच सवत केलीस! फर्नांडिस हे पुढच्या एखाद्या पाद्रीने नवऱ्यावरून लावलं असणार. मारिया का लावलं ते लुर्दबाईंनाही सांगता आलं नाही.

आणि हा पुरावा. बाप्तिस्मा, लग्न आणि मुलांचे बाप्तिस्मे, सगळीकडे तिच्या आईबापांची नावं दिली आहेत. सगळीकडे बाप कायतान, आई लुइझा, गाव तेच. आता कायतानाला तीन आना झाल्या आणि तिन्ही त्याने एकाच जावयाला दिल्या, असं म्हणायचं असेल तर म्हण.

लुर्दबाईंचा नियम साधा आहे. ज्या नोंदीत जे नाव असेल ते त्या नोंदीपुढे जसंच्या तसं लिहायचं. आपण शहाणपणा करून दुरुस्त करायचं नाही. आणि सगळ्या नोंदी एकाच माणसाखाली ठेवायच्या.

मला राग का येतो ते सांगतो. शाळेच्या दाखल्यावर मी इनास. पासपोर्टवर इग्नेशियस, कारण कुणा शिकलेल्या एजंटाला इनास हे नाव वाटलं नाही. इथे ऑफिसात मी इगी. पहिल्या दिवशी मॅनेजरने विचारलंही नाही, "इगी चालेल ना?" असं म्हणून तो पुढे गेला. वीस वर्षं मी त्या नावाला 'येस' म्हणतो आहे. उद्या शंभर वर्षांनी तुझ्यासारखी एखादी डेटावाली बसेल आणि माझ्या मीनाला तीन नवरे करून देईल. एक गावठी, एक कागदी आणि एक अमेरिकन.

बघ आता काय ते.

इनास


ईडन प्रेरी
२२ एप्रिल २०२५

इनास बाबू,

ईस्टरच्या शुभेच्छा. हरले. कायतान आणि लुइझाने मला हरवलं, तू नव्हे. ती नावं मी बघायला हवी होती. मी तारखा बघत बसले.

तीन नवऱ्यांवरून संजीव एवढा हसला की त्याने मीनाला फोन लावला. तिने काय सांगितलं तुला कळलंच असेल. म्हणाली, तिन्हींपैकी एकही भांडी घासत नाही.

तर काम केलं. तिन्ही आना मर्ज केल्या. आता एक पणजी, तिच्याखाली तिन्ही नावं नोंदींसकट. लुर्दबाईंना माझा नमस्कार सांग.

मर्ज केल्यावर तिन्हींची मुलंही एकत्र आली. त्यात इनास दोनदा आला होता. आईबाप तेच, नाव तेच, वर्षात थोडासा फरक. सॉफ्टवेअरने विचारलं, हे दोघं एकच का? पाद्रीने नोंद दोनदा केली असणार, तेव्हा असं व्हायचं. तेही क्लीन केलं. आता झाड कसं सुटसुटीत दिसतं बघ!

पाटीचा मसुदा सोबत आहे. बस्त्याव, आना मारिया, इनास, दोघी मुली, मग पुढची पिढी. सावंतवाडीच्या कारागिराला पाठवते आहे. आता तरी हस.

प्रतिमाबाय


सनीव्हेल
२७ एप्रिल २०२५

प्रतिमाबाय,

मसुदा पाठवला असशील तर आजच्या आज परत मागव.

इनास दोन होते. पाद्री चुकला नाही, तू चुकलीस. आणि या चुकीला मी हसणार नाही.

आमच्या घरी रोज संध्याकाळी दिव्यापुढे तेर्स व्हायचा. जपमाळ संपली, लादिन संपली की आम्ही पोरं उठायला बघायचो. बाबा हाताने खाली बसवत आणि म्हणत, "आता पयल्या इनासाखातर एक आमच्या बापा." रोज. पाऊस असो, ताप असो, पाहुणे असोत, ही प्रार्थना चुकायची नाही. मी लहान होतो, वर्गात कधीच पहिला आलो नाही. मला बरीच वर्षं वाटायचं की मी एकदा तरी पहिला यावा म्हणून बाबा देवाकडे मागतात. चौथीत असताना एकदा विचारलं. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "तो तुझ्या आजाच्या आधीचा. दोन वर्षांचा होऊन देवीत गेला. मग तुझा आजा झाला, त्याला तेच नाव दिलं. त्याचं तुला दिलं."

गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देण्याची ही चाल. लुर्दबाईंना विचारलं, त्यांच्याकडेही होती. आपल्या घरात म्हणत की नाव रिकामं ठेवू नये, त्यात दुःख घर करतं. तू आत्याची मुलगी. आत्या याच दिव्यापुढे वाढली. तिने तुमच्याकडे हा आमच्या बापा म्हटलाच नाही, असं तू मला सांगणार का?

शंभर वर्षं या घराने त्या लेकराला रोज एक प्रार्थना दिली. त्याचं जगात दुसरं काही नाही. फोटो नाही, कबरीवर दगड नाही, वंश नाही. नाव होतं, तेही त्याने भावाला दिलं. आणि तू एका बटणाने त्याला नोंदीची चूक ठरवलंस. झाड सुटसुटीत दिसावं म्हणून! पहिल्यांदा त्याला देवीने नेलं. दुसऱ्यांदा तू नेलंस.

जिने पोटचं पोर मातीत ठेवलं, त्या आनासमोर जाऊन उभी राहा आणि सांग तिला की तुझं पहिलं मूल डुप्लिकेट होतं. तुला हे कळणार नाही. तुझ्या धंद्यात माणसं म्हणजे ओळी.

मी तिसरा इनास आहे. त्याच्याशिवाय माझं नाव त्या पाटीखाली कधीही लावू नकोस.

इनास


सनीव्हेल
१५ जून २०२५

प्रतिमाबाय,

दीड महिना झाला. पत्र नाही. मेसेज तू वाचतेस, ते मला दिसतं. फोन संजीवभावोजी उचलतात आणि हवामान सांगतात.

कारागिराला मी गावातून विचारायला लावलं. तो म्हणतो, बाईंनी थांबायला सांगितलंय. थांबवलंस ते बरं केलंस. पण थांबणं म्हणजे उत्तर नव्हे. माझं म्हणणं खोटं असेल तर तसं लिही. खरं असेल तर पाटीवर घाल. गप्प बसणं तुला शोभत नाही, तुला ते येतही नाही.

इनास


ईडन प्रेरी
६ जुलै २०२५

इनास,

हे हाताने लिहिते आहे. प्रिंटर घरातल्या ऑफिसात आहे आणि तिथे आमची अनिका बसली आहे.

तुझं एकही वाक्य खोटं नाही. ते मला एप्रिलमध्येच माहीत होतं. पहिला इनास मला माहीत होता. आई रोज म्हणायची ती प्रार्थना, आमच्या घरीही. पाद्रीने दोनदा लिहिलं असं मी तुला कळवलं, ते खोटं होतं.

आम्ही आधी शॉमबर्गला होतो, तुला आठवत असेल. तू तेव्हा कॉलेजात होतास. तिथे मला मुलगी झाली. दिवस भरायच्या फार आधी झाली. काचेच्या पेटीत होती, माझ्या तळहाताएवढं तिचं डोकं. हॉस्पिटलच्या फादरनी बोटभर पाण्याने बाप्तिस्मा दिला आणि नाव विचारलं. संजीवला सुचेना. मी म्हटलं, अनिका. पणजी आनावरून. आठवडाभर होती.

दोन वर्षांनी दुसरी झाली. आई गावाहून आली होती बाळंतपणाला. मी नावं शोधत बसले होते, उर्वी, इशिता, काय काय. आई कुंचीत बाळ गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "नाव तेच ठेव गो. पयल्या इनासाचा ठेवला तसा." मी तिच्यावर ओरडले. मग संध्याकाळपर्यंत मीच तिला अनिका म्हणून हाक मारायला लागले होते. कसं ते मला अजून सांगता येत नाही. नंतर आम्ही इथे आलो. इथे कुणालाच माहीत नव्हतं. गावी आईने कुणाला सांगितलं नाही, मीही नाही. अनिकालाही नाही.

ईस्टरच्या शनिवारी मी आनांना मर्ज करत होते तेव्हा अनिका शेजारी सीरियल खात बसली होती. स्क्रीनवर दोन इनास आले. ती म्हणाली, "मम्मा, सेम नेम? सेम पेरेंट्स?"

मी म्हटलं, "जुन्या काळी एक मूल गेलं की..." आणि थांबले.

ती म्हणाली, "म्हणजे मेलेल्या बेबीचं नाव दुसऱ्याला? ईऽऽ, दॅट्स सो क्रीपी. इमॅजिन बीइंग दॅट किड."

माझं बोट माऊसवर होतं. मी म्हटलं, "नाही गं, चूक आहे. पाद्रीने दोनदा लिहिलंय."

"ओके. मर्ज कर मग."

आणि मी केलं.

आता तुझं पत्र. तू लिहिलंस, जिने पोटचं पोर मातीत ठेवलं तिच्यासमोर उभी राहा. इनास, मी रोज आरशात उभी राहते. तू लिहिलंस, तुला हे कळणार नाही. ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तू पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर होतास, आणि मला एकदाही विचारलं नाहीस की बाय, तू असं का केलंस? मेलेल्यांसाठी तुला एवढा राग येतो. जिवंत माणसाला एक प्रश्न विचारायला काय होतं?

पाटीचं मला सुचत नाही. पाटीवर दोन इनास आले की अनिका पुन्हा विचारणार. पार्कातला कार्यक्रम मी पुढे ढकलला आहे. पाठ दुखते असं सांगितलंय.

प्रतिमा


सनीव्हेल
१३ जुलै २०२५

प्रिय बाय,

तुझं पत्र ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत वाचलं. वर गेलो नाही. मॅनेजरने फोनवर "इगी, एव्हरीथिंग ओके?" विचारलं. मी "नो" म्हटलं. त्या माणसाला मी पहिल्यांदाच नाही म्हटलं असेल.

विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

पण राग गेलेला नाही, बाय. त्याची जागा बदलली आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या इनासासाठी आम्ही रोज गुडघ्यावर बसलो, आणि आपल्या अनिकासाठी या घराने एक आमच्या बापा म्हटला नाही. का? तर आम्हाला कुणी सांगितलं नाही. का सांगितलं नाही? तर आमच्यासारखी माणसं बरोबर असतात, आणि विचारत नाहीत. आत्या तेर्सात पहिल्या इनासाचं नाव मोठ्याने घ्यायची आणि स्वतःच्या नातीचं ओठ मिटून घेत असणार. हा राग आता कुणावर काढू? आत्या राहिली नाही. पणजीने निदान सगळ्या गावासमोर हाक मारली: इनास. पहिला गेला हे गावाला माहीत होतं, दुसऱ्यालाही माहीत होतं. त्या चालीला कुणी भयानक म्हटलं नाही. रोज त्याच्यासमोरच तर प्रार्थना व्हायची.

परवापासून मी तेर्स संपल्यावर एक आमच्या बापा वाढवला आहे. धाकट्या वीरने विचारलं, "बाबा, हू इज अनिका? अनिकाताई सिक आहे का?" मी म्हटलं, नाही रे, ही पहिली. तो बरं म्हणाला आणि पुढे म्हणू लागला. लहान मुलांना हे जड जात नाही.

पाटीचं तू ठरव. एक इनास घातलास तरी मी आता काही म्हणणार नाही, नोव्हेंबरात माझ्या मनात मी दुसऱ्याचं नाव घेईन. दोन घातलेस तर एकच विनंती: पहिला, दुसरा असे नंबर नकोत. देवाला ते लागत नाहीत.

शॉमबर्गला जाशील तेव्हा सांग. मी येईन.

तुझा,
इनास


ईडन प्रेरी
१९ ऑक्टोबर २०२५

इनास बाबू,

गेल्या शनिवारी शॉमबर्गला जाऊन आलो. तुला सांगितलं नाही, रागावू नकोस. आधी आम्ही दोघीच जायला हवं होतं. गाडी अनिकाने चालवली. मी तिला घरातच सांगणार होते, पण घरात धीर झाला नाही. विस्कॉन्सिनमध्ये कुठेतरी पेट्रोल भरताना सांगितलं. पंपाची नळी हातात धरून ती ऐकत राहिली. टाकी कधीच भरून नळी बंद झाली होती.

मग तिने नळी जागेवर लावली आणि गाडी काढली. बरेच मैल गेल्यावर म्हणाली, "सो आय अॅम सेकंड-हँड."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "मम्मा, जोक होता. आय थिंक."

स्मशानात तिनेच दगड शोधला. जमिनीत बसवलेला लहानसा आहे, पानांनी झाकला होता. स्वतःचं नाव दगडावर वाचताना तिचं काय झालं ते मला कळलं नाही, ती पाठमोरी होती. जॅकेट काढून त्याने पानं पुसली. मग तेच जॅकेट घालून परत आली, चिखलासकट. गाडीत बसल्यावर म्हणाली, "क्रीपी म्हणाले होते ना मी. त्या इनासला सॉरी सांग." मी म्हटलं, कुठल्या? ती म्हणाली, "बोथ."

झाडात पुन्हा दोन चौकटी केल्या आहेत. तिनेच केल्या. सॉफ्टवेअर अजूनही विचारतं, हे दोघं एकच का? ती दर वेळी 'नाही' दाबते आणि त्याला शिव्या देते.

काल कारागिराचा फोन आला. पाटी तयार आहे. पणजीची तिन्ही नावं मावत नव्हती, म्हणून मी नुसतं आना कोरायला सांगितलं. तिन्हींत तेवढं एक कायम होतं. कारागीर म्हणाला, "बाई, एक गडबड आहे. इनास दोनदा पडलाय. एक पुसून गुळगुळीत करून देऊ? कळणार नाही."

मी म्हटलं, "पुसू नका. दोघं होते."

तो म्हणाला, "लोक विचारतील हो."

मी म्हटलं, "विचारू देत."

बाबू, आता एक काम कर. गावच्या फादरना तुझा फोन लागतो, माझा लागत नाही. दोन तारखेच्या मिस्सात पाटीवरची नावं वाचून झाली की शेवटी एक नाव वाढवायला सांग. अनिका. पाटीवर नाही, नुसतं वाचायचं. आणि एकदाच वाचायला सांग. दुसरी इथे माझ्या मागे उभी राहून भाकरी करपवते आहे आणि विचारते आहे, "मम्मा, किती वेळ लिहिणार?"

तुझी,
बाय